कौतिकाबाईची पक्की चक्री

आम्ही दोघांनी मिळून शेवटचं काम केलं ते दाते मोजायचं. सायकलीच्या मागच्या चक्रीचे दाते. ओट्यावर चाक आडवं टाकलं होतं. कुठून सुरुवात केली ते कळावं म्हणून एका दात्याला तिनं चुना लावला. ती म्हणाली अठ्ठावीस. मी म्हणालो एकोणतीस.

"चुन्याचा दाता दोन येळा मोजला तुमी."

"न्हाई मोजला."

"मंग हा एक जास्तीचा कुठून आणला? तोंडातले गेले ते इथं भरून काढून राहिले का?"

पुन्हा मोजले. अठ्ठावीसच निघाले. मग मी चाक धरलं, तिनं पान्यानं नट आवळले. चेन बोटानं वर ओढून सोडली, एकतारीची तार सोडावी तशी, अन् कान लावून ऐकलं. ढिली चेन तिला खपायची नाही. सगळं झाल्यावर हात राखेनं घासले आणि म्हणाली, "उद्या सकाळी चढावर बगते कोण हसतंय ते."

कारण पंधरा दिवसांमागं आमच्या गावाच्या चढावर ती सायकलीवरून खाली उतरली होती. उभ्या जन्मात पहिल्यांदा. चढाच्या डोक्यावर हॉटेल आहे, तिथं बसणाऱ्यांनी ते बघितलं होतं, आणि तवापासून ते तिला सलत होतं. नवी चक्री बसवली ती त्या एका चढासाठी. उद्या न उतरता वर जायचं, एवढंच तिच्या डोक्यात होतं.

सकाळ झाली, पण ती उठली नाही. डॉक्टर म्हणाला, झोपेतच गेली, त्रास झाला नाही. तिला झाला नसंल.

आता कौतिका कोण होती ते सांगतो. माझी बायको होती हे आलंच, पण गावाला ती सायकलमाय म्हणून ठावी. मला चौथीच्या पुढची शाळा नाही, म्हणून जसं आठवंल तसं लिहितो.

तुमच्या साध्या सायकलीला मागं फ्रीवेल असतं. पाय थांबवले तरी चाक आपलं कर्रकर्र करत फिरत राहतं. कौतिकाच्या सायकलीला तसं नव्हतं. फ्रीवेलला वेल्डिंग मारून ते पक्कं करून टाकलेलं. चाक फिरलं की पायडल फिरणारच. तुम्ही पाय आवळला की चाक आवळलं. उलटे पाय मारले तर सायकल मागं जाते. ब्रेक तिनं काढून शेजारच्या पोराच्या सायकलीला दिले होते. उतारावरून येताना थांबायचं झालं की ती अंग पुढं टाकायची, दोन्ही पाय गच्च धरायची, मागचं चाक जागेवर बांधल्यासारखं व्हायचं आणि मातीत घासत जायचं. आमच्या दारापुढं हातभर लांब ओरखडा उठायचा. त्याला ती 'रेघ ओढणं' म्हणायची. "थांबा, रेघ ओढते," म्हणायची, अन् कोंबड्या आधीच भिंतीवर चढायच्या.

"फुकट फिरणारं चाक मला नको," असं तिचं म्हणणं. हे ती नुसतं सायकलीबद्दल नाही, कुणाहीबद्दल म्हणायची. सरपंचाचा मेव्हणा, ग्रामपंचायतीचा शिपाई, टीव्हीवर भाषण करणारा माणूस, सगळे तिच्या हिशोबात फुकट फिरणारी चाकं. आमच्या थोरल्या जावयाला तर तिनं लग्नाच्या मांडवातच विचारलं होतं, "पाव्हणं, पाय हलीवता का नुसतं फिरता?" त्यानं घाबरून पाय हलवून दाखवले.

ही खोड तिला बापाकडून आली. तो इस्लापूरकडचा. बाजाराच्या गावी मैदानात चुन्यानं गोल आखून, सात सात दिवस त्या गोलात सायकल चालवणारा माणूस. जेवण सायकलीवर, आंघोळ सायकलीवर, दाढीसुद्धा सायकलीवर. खाली मात्र उतरायचं नाही. उतरला की खेळ संपला, लोक उठून घरी जायचे. लहानपणी कौतिका त्याला चालत्या सायकलीवर भाकरी द्यायची, तांब्या द्यायची. पुढं पुढं तो झोपेला आला की त्याच्या मागं बसून हँडल धरायची. तर तिच्या डोक्यात लहानपणापासून एकच गोष्ट बसलेली, की माणसाची इज्जत सायकलीवरून न उतरण्यात आहे.

लग्नात तिच्या बापानं भांडी दिली नाहीत. ही सायकल दिली. माझी माय तीन दिवस रडली. म्हणायची, "सून आणली का सर्कस?"

मला पण तिनं शिकवायचं बघितलं. नवी नवी लग्नाची बायको, हौसेनं शिकवून राहिली होती. मी बसलो, तिनं ढकललं, उतार लागला. मला वाटलं आता जरा पाय थांबवावे. मी थांबवले, सायकलीनं नाही थांबवले. पायडलानं मला असं उचलून फेकलं की मी थेट बाभळीत. काटे काढताना ती म्हणाली, "तुमी चालतच जावा. चालताना चांगले दिसता." त्यानंतर मी सायकलीवर बसलो नाही.

बाहत्तरच्या दुष्काळात सडकेच्या कामावर खडी फोडताना डाव्या पायावर दगड आला. तवापासून पाय ओढत चालतो. म्हणजे घरात एक पाय आवळून सायकल थांबवणारी, अन् एक पाय ओढून चालणारा. जोडी बघायला लोक थांबायचे.

आमचं गाव निलंगा तालुक्यात, माळावर. नदी खाली. मध्ये तो मुरमाचा चढ, सरळ छातीवर येणारा. उन्हाळ्यात गावातले आड कोरडे पडले की नदीच्या वाळूत झिरे खांदायचे आणि त्यातलं वाटी वाटी पाणी भरून वर आणायचं. बाया डोक्यावर आणायच्या. कौतिका सायकलीवर आणायची, तेलाचे दोन मोठे डबे कॅरेजला बांधून. मी मागं चालायचो, एक हात डब्यावर. पाणी हिंदकळू नये एवढंच माझं काम. त्यातलं निम्मं पाणी आमच्या घरात कधी आलंच नाही. बाळंतिणी, म्हाताऱ्या, ज्यांच्या घरी आणायला माणूस नाही, त्यांच्या दारात आधी रेघ. कुणी कौतुक केलं तर वसकन अंगावर यायची, "चढाची सवय राहावी म्हणून आणते. तुमच्यासाठी न्हाई."

आता चक्रीचं सांगतो. बापाची चक्री होती अठरा दात्यांची. सपाट मैदानात गोल फिरायला झकास, पण भरल्या डब्यानं चढावर बैलाला पण जड. पुढचं चक्र चव्वेचाळीस दात्यांचं. मागची चक्री जितकी मोठी, तितका चढ हलका. पण चढ हलका झाला की उतारावर मरण, कारण रिकाम्या डब्यानं खाली येताना पाय शिवणयंत्रासारखे फिरायला लागतात आणि रेघ ओढायला पाय धरताच येत नाहीत. मग किती मोठी घ्यायची? ह्या एका गोष्टीवर तिनं जेवढा विचार केला तेवढा पोरींच्या लग्नाचा केला नाही.

निलंग्याला स्टँडच्या मागं करीमभाईचं सायकलीचं दुकान. तिथं जाऊन बसली. विचार करून करून म्हणाली, "करीमभाऊ, बावीसची टाका. चव्वेचाळीसचं निम्मं. पायडलाचा एक फेरा, चाकाचे दोन. कसं नवरा-बायकोसारखं बरोबर बसंल."

बसलं. चढ हलका झाला, रेघ पण निघायला लागली. महिनाभर लई खूश होती. अन् मग मागचा टायर फाटला. फाटला तो एकाच जागी, तळहाताएवढ्या जागेत सूत निघालेलं. बाकी सगळा टायर नव्यासारखा, नक्षी पण गेली नव्हती. दुसरा टायर टाकला, तोही तसाच गेला.

"कुणीतरी इळ्यानं घासून राहिलं," ती म्हणाली. आणि कोण ते पण तिनं ठरवून टाकलं. शेजारची शेवंता. झिऱ्यावर नंबरावरून दोघींची बाचाबाची झाली होती. शेवंता बिचारी वरून सांगायला आली, "बाई, लिंबू-मिरच्या बांध सायकलीला, दिष्ट लागली आसंल."

"आपल्यात ते न्हाई," कौतिका म्हणाली. "मी बडगा घेऊन बसते. बडग्यावर माझा इश्वास हाय."

आणि बसली. भर उन्हाळ्यात दुपारी सगळं गाव सावलीला, ही सायकलीशेजारी बडगा घेऊन. शेवंता घराबाहेर आली की ही खाकरायची. शेवंतानं राख टाकायला जायचं बंद केलं. पुढं पुढं शेवंताचा नवरा माझ्याशी बोलेना.

तिसऱ्या टायरला सूत निघालं तेव्हा ती सायकल घेऊन करीमभाईकडं गेली. तो बरा माणूस, भांडण ऐकून घेतलं आणि सायकल उलटी करून पायडल फिरवलं. फिरवून थांबवलं, पुन्हा फिरवून थांबवलं. दर वेळेला घासलेली जागा येऊन खालीच थांबायची. हिची सवय अशी, की रेघ ओढताना उजवा पाय पुढं. चक्री बरोबर निम्मी, म्हणून उजवा पाय पुढं आला की चाकाची तीच जागा जमिनीवर. तिची तीच घासत होती सहा महिने.

कौतिकानं बोटानं ती घासलेली जागा चाचपली. मग म्हणाली, "चक्रीची चूक हाय."

स्वतःची चूक तिनं कधी मान्य केली नाही. पण त्या दिवशी नदीवरून आलेला पहिला डबा शेवंताच्या रांजणात गेला. शेवंता म्हणाली, "आता का?" ही म्हणाली, "जड झाला व्हता." बस. दोघी पुन्हा एका ओट्यावर ज्वारी पाखडायला लागल्या.

करीमभाईनं मग नांदेडहून सायकल-रिक्षाची चोवीस दात्यांची चक्री मागवली आणि वेल्डिंग मारून दिली. चढ आणखी हलका. आणि रेघ दर वेळेला टायरच्या वेगळ्या जागी पडायला लागली. "आता सगळीकडून सारखा म्हातारा व्हईल," ती टायरवर हात फिरवून म्हणायची, "माणसावानी."

लातूर जिल्हा झाला तेव्हाची गोष्ट तर अजून लोक सांगतात. तोवर आमचा जिल्हा उस्मानाबाद. कलेक्टरला भेटायचं म्हणजे दोन भाकरी बांधून निघावं लागायचं. जिल्हा जवळ आला म्हणून लोक खूश, पाण्याचा पत्ता नव्हता तरी खूश. निलंग्याच्या एका शाळेच्या मैदानात त्या खुशीचा कार्यक्रम ठेवला होता. लेझीम झाली, भाषणं झाली, आणि शेवटी स्लो सायकलची शर्यत. जो सगळ्यात मागं राहील तो जिंकला. पाय टेकला की बाद.

कौतिका नाव द्यायला गेली. माइकवाले गुरुजी म्हणाले, "बाई, ही पुरुषांची शर्यत आहे."

"सायकलीला इचारा," ती म्हणाली, "तिला चालत आसंल तर तुमचं काय जातंय?"

लोक हसले, गुरुजींनी नाव घेतलं. कासोटा घट्ट मारून, लुगड्याचा काठ चेनीत जाऊ नये म्हणून घोट्यावर ट्यूबची पट्टी बांधून बाई उभी राहिली. शिट्टी वाजली. पहिल्या दहा हातांत निम्मे पडले. कुणी डुलत होतं, कुणी जीभ बाहेर काढून हँडल वळवत होतं. तहसीलचा एक कारकून तेवढा टिकला, आणि मुंगीसारखा सरकत सरकत शेवटच्या रेषेपलीकडं गेला. वळून बघतो, तर कौतिका शिट्टी वाजली त्याच जागेवर सायकलीवर उभी. पाय इवलासा पुढं, इवलासा मागं. गार वाऱ्याला बसल्यासारखी.

गुरुजी माइकवरून ओरडले, "बाई, या आता!"

"कशाला? मागं राहणारा जितला न्हवं?"

"पण यायला तर पाहिजे ना!"

"मंग जरा थांबा," ती म्हणाली, अन् उलटे पाय मारत सुरुवातीच्या रेषेच्या मागं निघाली. मैदानात जो हशा उठला तो पुढाऱ्याच्या भाषणाला उठला नव्हता. पंचांचं भांडण लागलं, ही शर्यतीत आहे की अजून शर्यतीत यायची आहे? शेवटी बक्षिसाची बादली तिलाच दिली. मागून कुणीतरी म्हणालं, "नव्या जिल्ह्यातलं पहिलं बक्षीस मागं जाणाऱ्याला!" तिनं मान वळवून सांगितलं, "पुढं जाणारे तुमी बसा खुर्चीवर. मला सांजच्याला पाणी आणायचं हाय."

बादली हँडलला अडकवून ती घरी आली, मी शेजारून चालत. रस्ताभर बादली वाजत होती अन् मी सांगत होतो भेटेल त्याला, ही माझी बायको. कुणी विचारलं नव्हतं तरी.

अशी ती. नळ आला, डबे गेले, पण नदीकाठी आमचा तुकडा होता. सकाळी खाली जायचं, शेळ्यांचा चारा बांधून वर यायचं, हे चालू राहिलं. सत्तरी ओलांडली तरी ती सायकलीवर आणि मी मागं, चाऱ्याच्या भाऱ्यावर हात ठेवून. हॉटेलवाला रोज म्हणायचा, "सायकलमाय, उतरा की, च्या प्या." ती रोज म्हणायची, "चढावर उतरत न्हाई मी."

आणि मग तो दिवस. चढाच्या मध्यावर माझ्या छातीत जरा भरून आलं. भाऱ्यावरचा हात सुटला, मी दोन घटका छाती धरून उभा राहिलो. हे मी तिला सांगितलं नाही, ती पुढं होती, तिची पाठ माझ्याकडं होती. मान वर करून बघतो तर ही सायकलीवरून खाली. दोन्ही पाय जमिनीवर. सायकल धरून उभी.

"काय झालं गं?"

"चक्री," ती म्हणाली. "ही मेली लहान पडती आता. माझ्यानं व्हईना."

वरून कुणीतरी ओरडलंच, "सायकलमाय उतरली रे!" दुसरा म्हणाला, "झालं, थकली म्हातारी." चढ चालत चढलो. हॉटेलापुढून जाताना तिनं खाली बघितलं. मी तिला कधी खाली बघताना बघितलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती एसटीनं निलंग्याला गेली, चाक मांडीवर घेऊन, आणि करीमभाईकडून भंगारातल्या गिअरच्या सायकलीची ती अठ्ठावीस दात्यांची चक्री बसवून आणायचं ठरवून आली. त्याला वेल्डिंगला वेळ लागला. चाक आलं, आम्ही दाते मोजले, पुढचं तुम्हाला सांगितलंय.

मला तिच्या जाण्याबरोबर हे पण खात होतं. एवढी जिंदगी काढली आणि गावाच्या डोक्यात शेवटी काय राहिलं, तर चढावर उतरली. तिला दोन तास जास्त मिळाले असते तर काय बिघडलं असतं? वर जाऊन आली असती, मग खुशाल जायचं होतं.

तिच्या पुण्यानुमोदनाला, आमच्यातल्या दिवसांच्या कार्याला, माणसं आली. वंदना झाली, जेवणं झाली. करीमभाई शेवटपर्यंत बसला. तो पण आता म्हातारा, डोळ्याला जाड काचा. माणसं पांगल्यावर भिंतीला टेकवलेल्या सायकलीकडं बघत म्हणाला, "सोपानदादा, भाभीनं चालवून बघितली का?"

"न्हाई. राहिलं."

"मैं बोल्या था भाभीला. अठ्ठावीस लई मोठी हाय. तुमच्या पायात अजून चोवीसचं बळ हाय, उगं कशाला? एवढी मोठी टाकली तर सायकल गोगलगाईवानी चालंल."

"मग?"

त्यानं उठून चक्रीवर बोट ठेवलं. "बोलू नका म्हणाल्या व्हत्या. पर आता काय. भाभी म्हणाल्या, करीमभाऊ, गोगलगाईच पाहिजे. आमचा माणूस आता तेवढाच चालतो. मागं बघितलं तर उभा राहिला व्हता छाती धरून. मी पुढं निघून गेले असते तर पळत आला असता. म्हणून उतरले. पर त्यास्नी सांगू नका, न्हाईतर म्हणतील, तू जा, मी घरीच बसतो."

करीमभाईनं माझ्या पाठीवर हात ठेवला, मग त्याची गाडी आली, तो गेला.

म्हणजे पाठ माझ्याकडं होती, पण तिला दिसलं होतं. जन्मभर जी बाई कलेक्टर आला तरी सायकलीवरून उतरली नसती, ती भर चढावर, सगळं हॉटेल बघत असताना, माझ्यापायी खाली उतरली. आणि दोष चक्रीवर ढकलून दिला. हसून घेतलं लोकांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सायकल बाहेर काढली. नदीवर गेलो, चारा कापला, भारा बांधला. बसता तर येत नाही, म्हणून हँडल धरून चालत निघालो. ही सायकल हातानं ढकलली तरी पायडलं फिरतात, आपली आपण, एक वर एक खाली. त्यांच्या बरोबरीनं पाय टाकत गेलो. चढाच्या मध्यावर छातीत भरून आलं, तसा सावकाश झालो, पण उभा राहिलो नाही.

वर हॉटेलातून आवाज आला, "आप्पा, दमलाव की! सायकलमाय बी हितंच दमली व्हती."

हॉटेलापुढं गेलो आणि सायकल धरूनच त्यांना सांगितलं, "ती दमली नव्हती. मी दमलो व्हतो. ती माझ्यासाठी उतरली व्हती." सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. जो ओरडला होता त्याच्याकडं बघून आणखी एकदा सांगितलं.

मग घरी जाऊन शेळ्यांना चारा टाकला.